आठ महिने वापरलेला गाण्यांचा डबा: सगळं छान, पण तो ‘पॉवर ऑन’!

आमचा डबा काल संध्याकाळी लक्ष्मी मार्केटजवळच्या दुरुस्तीवाल्याकडून घरी आला, म्हणून आज बसून लिहितेय. जुन्या रेडिओसारखा दिसणारा, आधीच गाणी भरलेला, एफएम-ब्लूटूथ-पेनड्राइव्हवाला. त्यात काय काय असतं ते सगळ्यांना पाठ आहे, ते परत लिहीत नाही. गणपतीच्या आधी २,८९० रुपयांना घेतला. बिघाडाचे सतरा दिवस सोडले तर आठ महिने रोज वापरात आहे.

घेतला अण्णांसाठी, म्हणजे माझ्या सासऱ्यांसाठी. वय ७६. संध्याकाळी सातला जे न्यूज चॅनेल लागायचं ते साडेअकराला बंद व्हायचं. एका वेळी सहा माणसं ओरडणार. टीव्ही बारा फुटांवर आणि अण्णांना जरा कमी ऐकू येतं, त्यामुळे आवाज ३४ वर. मग रात्री दीड-दोनपर्यंत डोळ्याला डोळा नाही. बीपी दाखवायला गेलो तेव्हा डॉक्टरांनी गोळी दिली आणि वर बजावलं, नऊनंतर बातम्या बंद. बंद करून माणसाने करायचं काय? म्हणून हा डबा.

पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट लक्षात आली. आवाज जवळून आला की कमी आवाजही पुरतो. डबा अण्णांच्या उशाशी, हातभर अंतरावर. मोबाइलवरच्या ॲपने मोजलं तर तिथे ५२-५५ डेसिबल. ॲप अंदाजच देतं, पण त्याच जागी टीव्हीचे ७५ च्या वर जायचे, आणि स्वयंपाकघरातही शब्द न् शब्द ऐकू यायचा. आता भिंतीपलीकडे काही कळत नाही. आठवड्याला ४० तासांपर्यंत ८० डेसिबल सुरक्षित, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, म्हणजे कानांना टीव्हीनेही तसा धोका नव्हता. त्रास होता तो मनाला. घरात भांडण नसताना रोज चार तास भांडण ऐकायचं.

रात्री दहाला विविध भारतीवर छायागीत हा गाण्यांचा कार्यक्रम लागतो. अण्णा ते ऐकता ऐकता झोपतात. गाण्यांनी झोप येते हे आधी त्यांना पटत नव्हतं. मी कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासून आढावे काढणाऱ्या संस्थेचा २०२२ चा आढावा वाचून दाखवला. झोपेची तक्रार असलेल्या मोठ्या माणसांना संगीत ऐकून झोप चांगली लागते, असं त्यात आहे. त्यांनी ऐकून घेतलं, पण पटलं ते दहा-बारा रात्री स्वतः झोपल्यावरच. बीपीही खाली आलं. त्याच सुमारास गोळीचा डोस बदलला होता, तेव्हा ते श्रेय मी डब्याला देणार नाही. झोपेचं मात्र देईन.

आता खरी तक्रार. हा डबा चालू केला की एक बाई इंग्रजीत ओरडते, ‘पॉवर ऑन!’ आणि लगेच ‘एफएम मोड!’ आवाजाचं बटण शून्यावर ठेवा, तरी ती त्याच पट्टीत ओरडते. हातभर अंतरावर ८४ डेसिबल. बंद करायची सोय नाही. माहितीपुस्तिका दोनदा वाचली, हेल्पलाइनला तीनदा फोन केला. ‘मॅडम, तो फीचर आहे.’

पहाटे या फीचरचं काय होतं ते सांगते. माझी सहा वर्षांची लेक आजी-आजोबांच्या खोलीत झोपते. पहिल्या दिवशी ती दचकून उठून रडायला लागली. दुसऱ्या दिवशी अण्णांनी डबा उशीखाली दाबून चालू केला, तरी तेच. त्यानंतर त्यांनी सकाळी लावणंच सोडलं. मला हे दोन आठवड्यांनी कळलं. पाणी प्यायला उठले तर अण्णा अंधारात पलंगाच्या कडेला बसलेले, डबा मांडीवर, बंद. ‘अण्णा, लावत का नाही?’ तर म्हणाले, ‘पोर उठते गं.’ त्या क्षणी त्या बाईचा जो राग आला तो अजून गेलेला नाही.

कारण अण्णांना सकाळी गाणी नकोच असतात. त्यांना पहिली सभा, म्हणजे सकाळचं प्रसारण, सुरू होतानाची आकाशवाणीची धून हवी असते. तंबोऱ्यावर हळूच उगवणारं ते व्हायोलिन. वॉल्टर कॉफमन नावाच्या ज्यू संगीतकाराने ती बांधली. हिटलरच्या काळात युरोप सोडून तो मुंबईला आला होता. नव्वद वर्षं होत आली, पण माणसाला झोपेतून कसं अलगद उठवावं हे त्या धुनेला कळतं. डबा बनवणाऱ्यांना ते इतक्या सोयी देऊन कळलेलं नाही. सातव्या महिन्यात मला कुणी विचारलं असतं तर घेऊ नका म्हटलं असतं.

नेमका सातव्याच महिन्यात तो चार्ज व्हायचा थांबला. सांगलीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये दिला. वॉरंटीत होता. बाराव्या दिवशी उत्तर आलं, चार्जिंगची पिन हललीय, म्हणजे ‘फिजिकल डॅमेज’, १,१५० रुपये पडतील. रोज पिन लावल्यावर ती हलणारच, त्यासाठीच ती असते ना? बिल, फोटो, मेल, सगळं केलं. शेवटी सतराव्या दिवशी डबा तसाच परत आणला.

पण त्या सतरा दिवसांनी माझं मत बदललं. टीव्ही परत सुरू झाला, आवाज परत ३४. चौथ्या-पाचव्या दिवशी लेक चित्रांची वही आणि खडूंचा डबा घेऊन ओट्याखाली येऊन बसली. तिथे धड उजेडही नाही. मी काही विचारलं नाही, दिसतच होतं. अण्णा परत दीड वाजता येरझाऱ्या घालायला लागले. आई म्हणजे सासूबाई एका जेवणाला एवढंच म्हणाल्या, ‘तो डबा कधी येणार?’ मीही त्या दिवसांत रात्री मोबाइलवर रील्स बघत पडायचे, बारा कधी वाजायचे कळायचं नाही. छायागीत चालू असताना दिवा मालवलेला असायचा, त्यामुळे मीही लवकर झोपत होते, हे तेव्हाच उमगलं.

लक्ष्मी मार्केटजवळच्या त्या दुरुस्तीवाल्याने डबा उघडून पाहिला आणि नवी पिन बसवली, १२० रुपये. मी त्या ओरडणाऱ्या बाईचं गाऱ्हाणं सांगितलं. तो म्हणाला, ‘ते चिपमध्येच आहे ताई, निघणार नाही. पण स्पीकरच्या वायरला मध्ये स्विच टाकून देतो.’ मागच्या बाजूला नखाएवढा सरकता स्विच. तो बंद ठेवून डबा चालू करायचा, बाईला आतल्या आत बोलू द्यायचं, मनात पाच अंक मोजायचे आणि मग स्विच सरकवायचा. ६० रुपये. एकूण १८०, उभ्याउभ्या अर्ध्या तासात.

तर घ्या, पण दुकानात आवाज शून्यावर ठेवून आधी एकदा चालू करून बघा. नवा डबा असा उघडला तर वॉरंटी जाते, हेही ध्यानात ठेवा. आमच्या वॉरंटीचा उपयोग काय झाला तो वर लिहिलाच आहे.

आज पहाटे धून पुरती वाजली आणि पोर उठली नाही. अंधारात स्विच बोटाला लागावा म्हणून आईंनी त्याच्याशेजारी आपली एक टिकली चिकटवून ठेवलीय.