‘पूर्ण स्टुडिओ सेट’च्या नावाखाली आम्हाला असं गंडवलं

अमळनेर, पारोळा, शिरपूर, खान्देशात कुठेही जा. अहिराणी गाण्यांचे यूट्यूबवरचे व्ह्यूज पाहून घरच्या खोलीत स्टुडिओ थाटायचं पोरांच्या डोक्यात बसलंय. त्यात वावगं काहीच नाही. पण अशाच पोरांवर डोळा ठेवून बसलेल्या धुळ्याकडच्या एका विक्रेत्याने मला आणि माझ्या चुलतभावाला 38 हजारांना गंडवलं. त्याची पद्धत सांगतो.

जाहिरातीत नावाजलेल्या कंपनीचा लाल ऑडिओ इंटरफेस (माइक कॉम्प्युटरला जोडायचं खोकं), कंडेन्सर माइक (स्टुडिओतला, बारीक आवाजही टिपणारा), हेडफोन, मिडी कीबोर्ड (कॉम्प्युटरमधली वाद्यं वाजवायच्या पट्ट्या) आणि ‘खान्देशी साउंड’ने भरलेली हार्डडिस्क. सोबत आमच्याकडची देवी कानबाई, तिच्या गाण्याची एक क्लिप, ‘याच माइकवर रेकॉर्ड केलंय’ म्हणून. क्लिप खरंच सुरेख होती. ती कुठल्या माइकवर झाली हे त्यालाच ठाऊक. आमच्या आवाजात दोन ओळी रेकॉर्ड करून दाखवा म्हटलं, तर लॅपटॉप दुरुस्तीला गेलेला. इंटरफेस मोबाइलच्या चार्जरला लावून लाइट तेवढे पेटवून दाखवले. ‘डोया झाकीसन ल्या दादा, आपला माणूस शे.’ अर्धे पैसे रोख, अर्धे यूपीआयने, तेही भलत्याच नावाच्या खात्यावर. बिल ‘उद्या व्हॉट्सॲपवर’. तो उद्या अजून उगवायचाय.

घरी इंटरफेस कॉम्प्युटरला जोडला तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये कंपनीचं नावच नाही, नुसतं ‘यूएसबी पीएनपी साउंड डिव्हाइस’. म्हणजे दोनतीनशे रुपयांच्या डोंगलमधली चिप, वरून लाल खोकं. खाली छापलेला सिरीयल नंबर कंपनीच्या साइटवर टाकला, तो चालला नाही. माइकचं त्याहून भारी. खऱ्या स्टुडिओ कंडेन्सरला इंटरफेसकडून 48 व्होल्टचा फँटम पॉवर, म्हणजे माइकच्या वायरीतूनच येणारी वीज, लागतो. बटण बंद केलं की काही सेकंदांत तो मुका होतो. आमचा माइक बटण चालू असो की बंद, तसाच खरखरत होता. बटणाने फक्त लाल लाइट लागायचा. शेवटी जाळी उघडली. आत सोनेरी, इंचभर रुंदीची कॅप्सूल, म्हणजे आवाज टिपणारी चकती, असायला हवी होती. निघाली हरभऱ्याच्या डाळीएवढी, मोबाइलच्या इअरफोनमध्ये असते तसली.

आणि खरा माइक मिळाला असता तरी आमच्या पत्र्याच्या खोलीत कंडेन्सरचा काय उपयोग? मे महिन्यात पारा 45 अंशांवर, कूलर बंद करून गाणार कोण? असा माइक कूलर, पंखा, शेजारचा कुत्रा, सगळंच गोळा करतो. अशा खोलीत साधा डायनॅमिक माइक तोंडाजवळ धरून गायलेलं बरं, त्याला 48 व्होल्टही लागत नाहीत. विक्रेत्याने हे सांगितलं नाही, सांगणारही नव्हता.

यंत्रांपुरतंच असतं तर नुकसान पैशांवर मिटलं असतं. हार्डडिस्कचं प्रकरण जास्त वाईट. त्यात संबळ, डफ, पावरी (फुंकून वाजवायचं लोकवाद्य) यांचे लूप, म्हणजे गाण्यात पुन्हापुन्हा वाजवायचे तयार तुकडे, आणि ‘लाइफटाइम राइट्स’चं रंगीत प्रमाणपत्र, गोल शिक्क्यासकट. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, त्याआधी गाणं आलं पाहिजे म्हणून भावाने त्यातलाच संबळ वापरून गाणं चढवलं. त्याच संध्याकाळी कॉन्टेंट आयडीचा, म्हणजे दुसऱ्याचं रेकॉर्डिंग आपोआप ओळखणाऱ्या यूट्यूबच्या यंत्रणेचा, क्लेम. यूट्यूब स्टुडिओत नेमका संबळाचाच तुकडा दाखवत होतं. दुसऱ्याच्या गाण्यातून कापलेला तुकडा आम्हाला ‘स्वतःचं रेकॉर्डिंग’ म्हणून विकला होता.

इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. कानबाईचं पारंपरिक गाणं सगळ्यांचं, पण कुणी केलेलं त्याचं रेकॉर्डिंग सगळ्यांचं नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात ध्वनिमुद्रणाला वेगळा हक्क आहे, प्रकाशनानंतर 60 वर्षांचा. क्लेमवर हरकत घ्यायची तर परवानगी कुणी दिली ते दाखवावं लागतं. आमच्या प्रमाणपत्रावर ना पूर्ण नाव, ना पत्ता.

डिस्कवर वाद्यांची महागडी सॉफ्टवेअरंही होती. इन्स्टॉल करताना अँटिव्हायरस बंद करा, इंटरनेट काढून टाका, अशी चिठ्ठी सोबत. ही चिठ्ठी दिसली की ओळखा, माल क्रॅक केलेला, म्हणजे लायसन्स तोडून चोरलेला आहे. ती डिस्क आम्ही आता कशालाच लावत नाही.

भावाने यूट्यूबच्याच एडिटरमधून तो तुकडा कापला, क्लेम उतरला, पण गाण्याचा ऐन चढ गेला. पुढच्या गाण्याला गावातल्या संबळवाल्यालाच बसवलं, त्याचे पैसे दिले आणि वाजवलेलं वापरायची परवानगी साध्या कागदावर सहीनिशी घेतली. रेकॉर्डिंगला रीपर नावाचं सॉफ्टवेअर वापरतो. पहिले 60 दिवस फुकट चालतं, मग ठरवता येतं.

असं कुणाचं झालंच तर 1930 वर लगेच फोन करा, पैसे पुढे सरकण्याआधी खातं गोठवायची शक्यता तेव्हाच असते. तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वरही करता येते. दुकानातून बिलावर घेतलं असेल तर ग्राहक हेल्पलाइन 1915. आम्ही उशिरा फोन केला, पैसे तोवर पुढे गेले होते. तक्रार नोंदली आहे, हातात अजून काही आलेलं नाही. जाहिरात, खातेदाराचं नाव, व्यवहार क्रमांक यांचे स्क्रीनशॉट आधीच काढून ठेवा आणि व्हॉइस मेसेज वेगळे सेव्ह करा. आमच्याशी गोड बोललेले सगळे मेसेज त्याने दुसऱ्या दिवशी ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ केले. भावाने दोन आधीच मला फॉरवर्ड केले होते, तक्रारीला तेच जोडलेत.