एकसंध अॅल्युमिनियम प्रोपेलर शाफ्टचा संच: शाफ्ट उत्तम, पिनियन नटाची सूचना मात्र चुकीची

माझ्या गाडीचे इंजिन पुढे आहे आणि चालना मागच्या चाकांना मिळते. तिचा मूळ प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सचा जोर मागच्या अॅक्सलपर्यंत नेणारा दांडा, दोन तुकड्यांचा होता. मधल्या बेअरिंगचे रबर फाटले होते आणि क्लच सोडताना गाडीखालून एक जड ठोका ऐकू येऊ लागला होता. हे बेअरिंग शाफ्टपासून वेगळे मिळत नसल्यामुळे मूळ भाग घेण्याऐवजी एकसंध अॅल्युमिनियम शाफ्टचा आफ्टरमार्केट संच बसवावा, असे मी ठरवले. संचात शाफ्ट, पिनियनवर (मागच्या अॅक्सलमधल्या छोट्या दातेरी चाकाच्या दांड्यावर) बसणारा नवा फ्लँज (शाफ्ट जोडण्याची चकती), ऑइल सील, एक पिनियन नट, फ्लँजचे चार बोल्ट आणि दोन पानी सूचनापत्रक असते. बसवण्याचे सगळे काम मी स्वतः केले आणि त्यानंतर गाडी सुमारे ३००० किलोमीटर चालली आहे. उत्पादकाचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण या पत्रकात मला आढळलेली गंभीर चूक इतर संचांच्या पत्रकांतही असू शकते आणि वाचकाने ती नावावरून नव्हे, तर कामावरून ओळखावी, अशी माझी इच्छा आहे.

आधी शाफ्टविषयी. त्याची घडण खरोखर चांगली आहे. नळीचा बाहेरचा व्यास १०० मिलिमीटर आणि जाडी ३ मिलिमीटर आहे, वेल्डिंग सलग आणि एकसारखे आहे आणि दोन्ही टोकांचे योक (सांध्याचे दुबेळके) एकाच पातळीत, म्हणजे परस्परांशी नेमके जुळवून बसवलेले आहेत. क्रॉस, म्हणजे सांध्यातले अधिक-चिन्हाच्या आकाराचे भाग, १३५० मालिकेचे आहेत. १३१० मालिकेच्या क्रॉसच्या टोकांवरच्या टोप्या २७ मिलिमीटर व्यासाच्या असतात, तर या ३०.२ मिलिमीटरच्या आहेत, त्यामुळे माझ्या इंजिनाच्या जोराला त्या पुरून उरतात. मूळ शाफ्टचे वजन १७.४ किलो भरले होते, याचे ८.६ किलो भरले. मात्र हलक्या शाफ्टमुळे गाडी चपळ होते, या दाव्याला मी फारसे महत्त्व देणार नाही. शाफ्टचे वस्तुमान त्याच्या अक्षाच्या अगदी जवळ असते, त्यामुळे चाकाच्या किंवा फ्लायव्हीलच्या तुलनेत त्याचे फिरते जडत्व मुळातच कमी असते आणि त्यातली बचत चालवताना जाणवत नाही.

वेष्टनावर आणखी एक दावा आहे, तो म्हणजे अॅल्युमिनियममुळे शाफ्टचा क्रांतिक वेग वाढतो. नळी ज्या वेगाला स्वतःच्या नैसर्गिक कंपनाशी जुळून वाकू लागते, तो हा वेग. हा दावा अर्धाच खरा आहे. पोलादाची ताठरता अॅल्युमिनियमच्या जवळजवळ तिप्पट असते, पण घनताही जवळजवळ तिप्पट असते, त्यामुळे ताठरता आणि घनता यांचे गुणोत्तर दोन्ही धातूंत सारखेच राहते आणि निव्वळ धातू बदलून काही साधत नाही. खरा फायदा व्यासाचा आहे, कारण क्रांतिक वेग व्यासाच्या प्रमाणात वाढतो आणि लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. अॅल्युमिनियम हलके असल्यामुळे जाड व्यासाची नळी परवडते, एवढाच धातूचा वाटा. १.४ मीटर लांबीच्या या नळीचा सैद्धांतिक क्रांतिक वेग मी काढला तो मिनिटाला सुमारे ८३०० फेरे आला. त्याच लांबीच्या ७६ मिलिमीटर व्यासाच्या पोलादी नळीचा तो ६३०० च्या आसपास येतो. वापरातला सर्वाधिक वेग क्रांतिक वेगाच्या तीन-चतुर्थांशाच्या आत ठेवावा, असा संकेत आहे. माझ्या गाडीत शाफ्ट मिनिटाला ५००० फेऱ्यांपर्यंत जाऊ शकतो (वरच्या गिअरमध्ये शाफ्ट इंजिनापेक्षाही वेगाने फिरतो, हे अनेकांच्या लक्षात येत नाही), म्हणजे त्या पोलादी नळीने ही मर्यादा ओलांडली असती. मूळ शाफ्ट दोन तुकड्यांचा करण्यामागेही हेच कारण होते, कारण लांबी निम्मी झाली की क्रांतिक वेग चौपट होतो. एकसंध शाफ्ट घेणाऱ्याने आपल्या गाडीतली लांबी मोजून हे गणित स्वतः करून पाहिल्याखेरीज कोणताही संच घेऊ नये.

आता पिनियन नटाकडे येतो, कारण हा लेख लिहिण्याचे खरे कारण तेच आहे. संचातला शाफ्ट मूळ फ्लँजवर बसत नाही, त्यामुळे तो फ्लँज काढून नवा लावावा लागतो आणि त्यासाठी पिनियन नट सोडावा लागतो. याबाबत पत्रकात एकच वाक्य आहे: नवा नट २५० न्यूटन-मीटरला आवळावा. माझ्या डिफरन्शियलसाठी (पिनियन ज्यात असतो, त्या मागच्या गिअरच्या पेटीसाठी) ही सूचना चुकीची आहे आणि ज्या डिफरन्शियलमध्ये क्रश स्लीव्ह असते, अशा प्रत्येकासाठी ती चुकीचीच ठरेल.

पिनियन दोन टेपर रोलर बेअरिंगांवर फिरतो आणि या बेअरिंगांवर ठरावीक पूर्वभार, म्हणजे जोडतानाच दिलेला दाब, असावा लागतो. तो कमी पडला, तर जोर येताच पिनियन पुढे-मागे सरकतो, क्राऊनशी (तो ज्या मोठ्या दातेरी चाकाला फिरवतो त्याच्याशी) त्याच्या दातांचा स्पर्श बदलतो, गाडी घोंघावू लागते आणि सील गळते. जास्त झाला, तर बेअरिंगे तापतात आणि अकाली जातात. दोन बेअरिंगांच्या मधे पातळ पोलादी नळी असते, तीच क्रश स्लीव्ह. नट आवळताना ती कायमची चेपली जाते आणि तिच्या प्रतिकारामुळे नट ताठ राहतो, तरीही बेअरिंगांवरचा भार अतिशय हळूहळू वाढवता येतो. येथे नटाचा टॉर्क हे साध्य नसून साधन आहे. साध्य आहे तो पिनियन हाताने सावकाश फिरवायला लागणारा जोर, आणि तो नटाच्या टॉर्कच्या मानाने अगदी थोडा असतो: नव्या बेअरिंगांसाठी साधारण १.७ ते ३.४ न्यूटन-मीटर, वापरलेल्यांसाठी त्याच्या जवळपास निम्मा.

नटाला दिलेल्या टॉर्कचा सुमारे नव्वद टक्के भाग आट्यांमधल्या आणि नटाखालच्या घर्षणात जातो. त्यामुळे तेल लावलेला नट आणि कोरडा नट एकाच आकड्याला वेगवेगळा दाब देतात. शिवाय कोरी स्लीव्ह चेपायला सुरुवात होण्यासाठीच कित्येकदा ३०० न्यूटन-मीटरहून अधिक जोर लागतो. अशा वेळी २५० ला थांबणाऱ्याचा पिनियन मोकळाच राहील. आधीच चेपलेल्या जुन्या स्लीव्हवर त्याच आकड्याने पूर्वभार प्रमाणाबाहेर जाऊ शकतो. म्हणजे हा एकच आकडा दोन्ही दिशांनी घात करू शकतो. स्लीव्हऐवजी घट्ट, न चेपणारा स्पेसर आणि शिम (पातळ चकत्या) असलेल्या डिफरन्शियलमध्ये ठरावीक टॉर्क चालतो, पण पत्रकात असा फरक केलेला नाही.

माझी पद्धत अशी होती. मागचा अॅक्सल स्टँडवर घेऊन चाके आणि ब्रेक ड्रम काढले, हँडब्रेक सोडला, शाफ्ट उतरवला आणि नटाला हात लावण्यापूर्वी काटा असलेल्या लहान टॉर्क रेंचने पिनियन सावकाश, एकसारखा फिरवत वाचन घेतले. पहिला हिसका मोजायचा नाही. फिरणे स्थिरावल्यावर काटा जिथे राहतो, तेच वाचन. ते १.८ न्यूटन-मीटर आले. ठरावीक जोर आला की खट् असा आवाज करणारा नेहमीचा टॉर्क रेंच या कामी निरुपयोगी आहे, कारण फिरत्या वस्तूचा जोर तो दाखवू शकत नाही. एवढे एक वाचन आधी घेऊन ठेवले, की पुढचे सगळे काम त्याच्या आधारे करता येते. ते घ्यायचे राहून गेले, तर नंतर मिळवायला दुसरा मार्ग उरत नाही. पत्रकात त्याचा उल्लेखही नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

अनेक अनुभवी मेकॅनिक नट, पिनियन आणि फ्लँज यांवर पंचाने खुणा करतात, दिसणारे आटे मोजतात आणि पुन्हा बसवताना नट त्याच खुणेवर किंवा किंचित पुढे आणतात. तोच फ्लँज आणि तोच नट परत जाणार असेल, तर ही पद्धत वाजवी आहे. फ्लँजच बदलत असेल, तर मात्र खूण निरर्थक होते. व्हर्नियरने मोजल्यावर दोन्ही फ्लँजांच्या मानेच्या उंचीत मला ०.३ मिलिमीटर फरक आढळला. आट्यांचे अंतर १.५ मिलिमीटर असल्यामुळे एवढ्याशा फरकाने नटाची जागा ७२ अंशांनी बदलते, आणि शेवटच्या टप्प्यात तर पाच अंशांनीही पूर्वभार बदलतो.

जुन्या नटाची कडा पिनियनच्या खाचेत ठोकून बसवलेली होती, ती आधी सरळ करावी लागली. फ्लँज धरण्यासाठी दोन भोके पाडलेली लांब लोखंडी पट्टी त्याला बोल्टने जोडली आणि तिचे दुसरे टोक जमिनीला टेकवले. इम्पॅक्ट गन मी सोडतानाही वापरली नाही आणि आवळताना तर कोणीच वापरू नये, कारण नट कुठे थांबला पाहिजे हे तिच्या धक्क्यांत कळूच शकत नाही. नवे सील बसवून त्याच्या ओठाला ग्रीस लावले, फ्लँजच्या आतल्या खाचांना सीलंटचा पातळ थर दिला, कारण तेल तिथूनही पाझरते, आणि नवा नट हळूहळू आवळायला घेतला. प्रत्येक लहान टप्प्यानंतर पट्टी काढून पिनियन आठ-दहा फेरे फिरवायचा, वाचन घ्यायचे, पुन्हा पट्टी लावायची. हे कंटाळवाणे आहे, पण याला पर्याय नाही. नटावर २१० न्यूटन-मीटर असताना वाचन १.७ होते आणि २२० च्या आसपास ते २.१ झाले. आधीच्या वाचनापेक्षा ०.३ ने वर, आणि त्यातला थोडा भाग नव्या सीलच्या घर्षणाचा. तिथे मी थांबलो. पत्रक मानून आणखी ३० न्यूटन-मीटर गेलो असतो, तर स्लीव्ह गरजेपेक्षा जास्त चेपली असती, आणि चेपलेली स्लीव्ह पूर्ववत होत नसल्यामुळे नट मागे घेऊन ती चूक सुधारता येत नाही. मग पिनियन पुन्हा उघडून नवी स्लीव्ह टाकणे एवढेच हाती उरते.

बाकीची जोडणी तुलनेने सोपी होती. फ्लँजच्या बोल्टांसाठी पत्रकातला टॉर्क योग्य आहे आणि आटे पक्के करणारे द्रव्य लावण्याची सूचनाही आहे. चारपैकी एका बोल्टवर सॉकेट जात नाही. तिथे क्रो-फूट पाना टॉर्क रेंचला काटकोनात लावावा, म्हणजे रेंचवरचा आकडा बदलावा लागत नाही. मधले बेअरिंग निघून गेल्यामुळे सांध्यांचे कोन बदलतात, म्हणून ते मोजणे अत्यावश्यक आहे. माझ्याकडे पुढच्या सांध्याचा कोन २.२ अंश आणि मागच्याचा १.६ अंश आला. दोन्ही कोन ३ अंशांच्या आत आणि परस्परांत १ अंशापेक्षा कमी फरकाचे असावेत, तसेच नीडल बेअरिंगमधल्या सुया फिरत राहाव्यात म्हणून कोणताही कोन अर्ध्या अंशापेक्षा कमी नसावा. याविषयी पत्रकाने दिलेली माहिती चांगली आणि पुरेशी आहे, हे नमूद करायला हवे.

पहिल्या फेरीत ताशी १०० किलोमीटरच्या आसपास बारीक थरथर जाणवली. त्या वेगाला माझ्या गाडीचा शाफ्ट सेकंदाला सुमारे ५१ फेरे घेतो आणि फोनवर मोजलेली कंपनसंख्याही तितकीच आली. कोनांमुळे येणारे कंपन फेऱ्यामागे दोनदा येते, म्हणजे ते १०२ च्या जवळ दिसले असते. त्यामुळे दोष कोनांचा नसून तोलाचा किंवा मध्य जुळण्याचा होता. शाफ्ट फ्लँजवर १८० अंशांनी फिरवून बसवल्यावर थरथर गेली. शाफ्ट आणि फ्लँज यांतल्या बारीक त्रुटी आधी एकाच बाजूला येत होत्या, त्या आता एकमेकींना छेद देतात. कारखान्यानेच दोन्हींवर जुळवणीची खूण केली असती, तर हा खटाटोप वाचला असता.

क्लच सोडतानाचा ठोका पूर्णपणे नाहीसा झाला आहे. गिअर बदलताना मागून येणारा प्रतिसाद अधिक थेट वाटतो. याची एक किंमतही आहे: मधल्या बेअरिंगचे रबर जो आवाज गिळत होते, तो आता नळीतून थोडासा आत येतो. विशेषतः कमी वेगात एकदम अॅक्सिलरेटर सोडला, की धातूचा हलका नाद ऐकू येतो. मला तो चालतो. ज्यांना शांत गाडी हवी आहे, त्यांनी मूळ दुतुकडी शाफ्टच घ्यावा.

शाफ्टसाठी मी पाचपैकी साडेचार गुण देईन आणि सूचनापत्रकासाठी एक. पत्रकातली ती ओळ बदलावी, क्रश स्लीव्ह आणि घट्ट स्पेसर यांच्या रीती वेगळ्या द्याव्यात आणि काढण्यापूर्वीचे वाचन घेणे सक्तीचे म्हणून छापावे, असे मी उत्पादकाला सविस्तर लिहिले आहे. ३००० किलोमीटरनंतर मी शाफ्ट पुन्हा उतरवला आणि चाके व ड्रम काढून त्याच स्थितीत पिनियन फिरवून पाहिला. वाचन १.९ न्यूटन-मीटर होते, सीलभोवती तेलाचा ओलावा नव्हता आणि नट तसूभरही हलला नव्हता. शाफ्ट परत चढवताना फ्लँजचे चारही बोल्ट नवे लावले.