शॉकअप बदलताय? जुनी जोडी हातची सोडू नका

माझी गाडी रॉयल एनफिल्डची सुपर मिटिऑर ६५०. वजन २४१ किलो, हायवेला निपाणी-संकेश्वरकडं अगदी निवांत चालते. पण मागचे शॉकअप कडक. ट्रॅव्हल, म्हणजे चाकाला खालीवर व्हायला मिळणारी जागा, जेमतेम १०१ मिलिमीटर, त्यामुळं खराब रस्त्यावर दणका थेट कमरेत बसतो. बायकोला मणक्याचा त्रास आणि माहेर चंदगडला. हिंडलगा, सुळगा, बाची, शिनोळी करत पोचेपर्यंत तिचा चेहरा उतरलेला असायचा. म्हणून शॉकअप बदलायचं ठरवलं.

बेळगावातल्याच एका गॅरेजमध्ये गेलो. मेस्त्रीनं आधी गाडी आत नेली, थोड्या वेळानं मला फेरी मारायला दिली. नेहमीपेक्षा जास्तच आदळत होती.

"बघा की साहेब, ह्यो कंपनीचा शॉकअप म्हणजे निस्ता दगड हाय."

मला पटलं. त्यानं सोनेरी रंगाची, वर गॅसची म्हणून असते तशी डबी असलेली जोडी बसवली. गॅसची आहे म्हणाला. फेरी मारली तर गाडी खरंच मऊ. रोख १८,५०० दिले. बिल मागितलं तर "जीएसटी पडतोय, कशाला वाढीव देताय?" जुनी जोडी मागितली तर ती भंगारात गेली म्हणे. सव्वा वर्षाची, तेलाचा थेंबही न गळलेली जोडी भंगारात कशी जाईल, हे मी तिथंच विचारायला हवं होतं.

तिसऱ्या आठवड्यात, भर पावसात चंदगडला निघालो. बाचीच्या पुढं सलग चार-पाच खड्डे लागले आणि गाडीचं मागचं अंग खालीवर होतच राहिलं, थांबेना. वळणावर मागचं चाक हललं तशी बायकोनं माझा खांदा गच्च धरला. उतरून पाहिलं तर एका शॉकअपमधून तेल गळून रिमपर्यंत ओघळलेलं. तेच तेल टायरवर आलं असतं तर काय झालं असतं, हा विचार अजून जात नाही.

उद्यमबागेत हायड्रॉलिक सिलिंडरचं काम करणाऱ्या मित्राकडं तो शॉकअप कापला. डबी वरून नुसती वेल्ड केलेली, शॉकअपशी जोडणारं भोकच नाही. खऱ्या गॅस शॉकअपमध्ये नायट्रोजनचा दाब तेलावर असतो, म्हणून सलग खड्ड्यांत तेलाचा फेस होत नाही. इथं गॅस नव्हताच. पातळ तेल, तेही थोडंसं.

शेवटी शोरूममधून कंपनीचीच जोडी घेतली. स्प्रिंग कमी-जास्त घट्ट करायला शॉकअपवर खाचा असतात; मित्रानं हुक पान्यानं ती सगळ्यात घट्ट खाचेवर नेली आणि फेरी मारायला सांगितलं. तोच दणका! मेस्त्रीनं गाडी आत नेऊन हेच केलं असणार आणि आपली जोडी सैल खाचेवर ठेवून दाखवली असणार.

मग खाच नीट लावली. मागचं चाक अधांतरी असताना आणि आम्ही दोघं बसल्यावर, दोन्ही वेळा ॲक्सलपासून मडगार्डपर्यंत माप घेतलं. फरक ट्रॅव्हलच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढा, म्हणजे तीसेक मिलिमीटर ठेवला. टायरची हवाही पुस्तिकेप्रमाणं केली. दणका पूर्ण गेला नाही, पण बायको आता शिनोळीपर्यंत न थांबता बसते. एवढं आधीच केलं असतं तर एक पैसाही लागला नसता.

तुम्ही जाल तेव्हा गाडी नजरेआड करू नका, आणि खाच किती होती त्याचा फोटो आधीच काढा. नवी जोडी बसवण्यापूर्वी स्प्रिंग काढलेला शॉकअप हातानं दाबायला मागा. गॅसचा असेल तर दांडा आपोआप बाहेर येतो. जुनी जोडी पिशवीत घालून घरी आणा.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. बिल नाही, म्हणून अडचण आहे. एकच शॉकअप कापला, दुसरा तसाच जपून ठेवलाय, ग्राहक आयोगासमोर दाखवायला.