हिवाळी सायकल की उन्हाळी? बर्फापेक्षा मीठ बघा

दुसरी सायकल घ्यावी का, हा प्रश्न बर्फ पाहून पडतो; पण निर्णय ठरवतं ते रस्त्यावरचं मीठ. बर्फ वितळवायला जिथे मीठ टाकतात, तिथे चांगली उन्हाळी सायकल हिवाळ्यात बाहेर काढू नये. खारं पाणी चेन, केबल, बेअरिंग सगळीकडे शिरतं. ११-१२ गिअरची अरुंद चेन ०.५ टक्का लांबली की बदलावी लागते (८-९ गिअरची ०.७५ टक्क्यापर्यंत चालते), आणि उशीर झाला की महागडी कॅसेटही (मागच्या चाकावरचा दातेरी चकत्यांचा संच) तिच्यासोबत जाते. म्हणून हिवाळी सायकलला कमी गिअर बरे. हबच्या (चाकाच्या मधल्या भागाच्या) आत बंद असलेले गिअर त्याहून बरे: वजन वाढतं, पण चिखल आत जात नाही.

रस्त्यावर मीठ नसेल, तर एकच सायकल आणि चाकांच्या दोन जोड्या पुरतात. मात्र दोन्ही जोड्यांची कॅसेट आणि ब्रेकची डिस्क सारख्या मापाची हवी, नाहीतर दर वेळी गिअर नि ब्रेक जुळवत बसाल.

फ्रेममध्ये टायरला किती जागा आहे, ते आधी मोजा. उन्हाळी रोड सायकल २५-२८ मिमी टायरवर पळते. रिम ब्रेक (चाकाच्या कड्यावर दाबणारे) असलेल्या कित्येक फ्रेममध्ये त्याहून रुंद टायर बसतच नाही. हिवाळ्यात ३५-४० मिमी टायर, वर मडगार्ड आणि मधे बर्फ अडकणार नाही इतकी फट हवी.

काटेरी टायर, म्हणजे धातूचे बारीक काटे बसवलेले, कडक बर्फासाठी. भुसभुशीत, खोल बर्फात काटे निरुपयोगी. तिथे रुंदी आणि कमी हवाच कामाची. काटे कार्बाइडचे घ्या, साधे पोलादी काटे डांबरावर लवकर झिजतात. नवे टायर पहिले ४० किलोमीटर डांबरावर हळू चालवा, जोरात ब्रेक न मारता, म्हणजे काटे घट्ट बसतात. आवाज होतो, वेग घटतो. ते सोसावंच लागतं.

हवा बाहेरच्या थंडीत तपासा. २० अंशांच्या खोलीत ४ बार भरलेलं टायर उणे १० अंशांत साधारण ३.५ वर येतं.

ब्रेकच्या बाबतीत फारसा वाद नाही. रिम ब्रेकमध्ये वाळूमिश्रित पाणी सँडपेपरसारखं रिमच खातं. डिस्क ब्रेकमध्ये झिजलेले पॅड बदलले की झालं.

जुनी सायकल हिवाळी करणार असाल, तर मागच्या हबमधलं घट्ट ग्रीस काढून पातळ वंगण घाला. थंडीत घट्ट ग्रीस गोठलं की आतले खटके चिकटतात आणि पायडल मोकळंच फिरतं. सीटचा दांडा ग्रीस लावून बसवा. पोलादी फ्रेममध्ये ॲल्युमिनियमचा दांडा खाऱ्या पाण्याने कायमचा जाम होतो. आणि सायकल गारठलेल्या जागीच ठेवा. उबदार घरात आणली की तिच्यावर दव धरतं, आणि ओलीच बाहेर काढली तर केबल गोठतात.