सी-व्हिजिल : फलकांसाठी चोख, विद्वेषी भाषणांसाठी तोकडे

निवडणूक आयोगाने जुलै २०१८ मध्ये आणलेल्या सी-व्हिजिल या मोबाइल अ‍ॅपवर आचारसंहिताभंगाची तक्रार कोणाही नागरिकाला करता येते. फोटो किंवा दोन मिनिटांपर्यंतचा व्हिडिओ जागेवर घेऊन पाच मिनिटांत पाठवायचा. ठिकाण अ‍ॅप आपोआप टिपते, भरारी पथक तेथे पोहोचते आणि शंभर मिनिटांत तक्रार निकाली निघणे अपेक्षित असते. विनापरवाना फलकांच्या बाबतीत ही व्यवस्था खरोखरच चोख आहे. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत मार्चअखेरपर्यंत आलेल्या ७९ हजारांहून अधिक तक्रारींपैकी ७३ टक्के बेकायदा फलकांच्याच होत्या, असे आयोगाने जाहीर केले होते.

धार्मिक तेढ वाढवणाऱ्या भाषणाची तक्रारही येथे नोंदवता येते. पण अ‍ॅपची सगळी घडण फलकाच्या मापाने झाली आहे. पथक येईपर्यंत फलक जागेवर असतो आणि उतरवला की प्रश्न मिटतो. भाषण मात्र सभा उठण्याआधीच हजारो मोबाइलवर पोहोचलेले असते. गॅलरीतील व्हिडिओ अ‍ॅप स्वीकारत नाही. बनावट चित्रफिती टाळण्यासाठी ही अट रास्तच आहे, परंतु त्यामुळे व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरणारे विष कक्षेबाहेर राहते. शिवाय तासाभराच्या भाषणात आक्षेपार्ह वाक्य कधी येणार हे श्रोत्याला आधी कळावे कसे? कार्यकर्त्यांच्या गराड्यात वक्त्यावर मोबाइल रोखून उभे राहायला छातीही लागते. निनावी तक्रारीची सोय आहे, मात्र मग तिचे पुढे काय झाले ते पाहता येत नाही.

मोठी उणीव अ‍ॅपच्या मागे उभ्या असलेल्या न्यायप्रक्रियेत आहे. १९८७ च्या विलेपार्ले पोटनिवडणुकीतील धार्मिक प्रचारामुळे विजयी उमेदवार रमेश प्रभू यांची निवड उच्च न्यायालयाने रद्द केली, तो निकाल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९५ मध्ये कायम केला आणि त्यांच्या प्रचारसभांत भाषणे करणारे बाळासाहेब ठाकरे यांचा मताधिकार सहा वर्षांसाठी काढला गेला तो १९९९ मध्ये. ज्या विधानसभेसाठी हा प्रचार झाला, तिची मुदत तोवर केव्हाच संपली होती. त्या मानाने एप्रिल २०१९ मध्ये आयोगाने योगी आदित्यनाथ, मायावती प्रभृतींवर घातलेली ४८ ते ७२ तासांची प्रचारबंदी परिणामकारक म्हणावी लागेल, कारण ती ऐन प्रचारात लागू झाली. अर्थात तीही सर्वोच्च न्यायालयाने विचारणा केल्यावरच.

फलक, दारू, पैसेवाटप यांसाठी अ‍ॅप अवश्य वापरावे. भाषणाबाबत मात्र संपूर्ण ध्वनिचित्रमुद्रण जोडून निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करावी आणि तिची पोच घ्यावी.