पेनचे आटे पाडायला शिकताना: डेलरिन, अ‍ॅक्रिलिक की थेट एबोनाइट?

तयार भागांचं किट न वापरता पेन घडवायचं ठरवलं की खरी परीक्षा आट्यांची. टोपण बॅरलवर आट्यांनी बसतं, सेक्शन, म्हणजे बोटांनी धरायचा भाग, बॅरलमध्ये आट्यांनी जातं, निबचं युनिटही सेक्शनमध्ये तसंच. हात बसेपर्यंत बरेच तुकडे वाया जाणार. ते कशाचे जाऊ द्यायचे, एवढंच आपल्या हातात असतं.

बहुतेक जण डेलरिन हे प्लॅस्टिक सुचवतात आणि त्यात तथ्य आहे. दुकानात अ‍ॅसिटल किंवा पीओएम म्हणून मागितलं तरी त्याच जातीचा रॉड मिळतो. अंगचाच निसरडा, त्यामुळे टॅपला (भोकात आतले आटे पाडणारं हत्यार) आणि डायला (रॉडवर बाहेरचे आटे पाडणारं) वंगणाची गरज जवळजवळ नाही. ठिसूळ नसल्याने आट्याचा शेंडा उडत नाही. लांब फिती निघतात, पण अधूनमधून अर्धा फेरा उलटा घेतला की मोकळं होतं. टॅप सरळ धरणं, टेलस्टॉकच्या (लेथच्या दुसऱ्या टोकाच्या सरकत्या ठोकळ्याच्या) आधाराने डाय पुढे नेणं, लेथ बंद ठेवून रॉड पकडणारा चक हाताने फिरवणं, हे सगळं शिकायला याहून सोयीचं काही नाही.

गोची अशी की डेलरिन फार समजूतदार आहे. टोक मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाने जाड राहिलं तरी चालवून घेतं. त्यावर आठवडाभर झकास आटे पडले म्हणून आपण खुशीत महागडी रेझिन ब्लँक (पेनसाठीचा कोरा तुकडा) चकमध्ये लावतो, आणि तिथे दुसऱ्याच फेऱ्याला टवका उडतो.

अ‍ॅक्रिलिक अशी चूक लगेच दाखवतं. मात्र रॉड ओतीव आहे का, हे विचारूनच घ्या. दाबून काढलेला, म्हणजे एक्स्ट्रुडेड रॉड स्वस्त पडतो, पण टॅपच्या उष्णतेने चिकट होऊन दात भरतो. अ‍ॅक्रिलिक साधारण १०५ अंश सेल्सिअसला मऊ पडतं, डेलरिन १७५ च्या आसपास वितळतं. म्हणून अ‍ॅक्रिलिकवर घाई अजिबात चालत नाही. वंगणाला भांड्याच्या साबणाचं पाणी पुरे. स्पिरिट चुकूनही लावू नका; ताण आलेल्या जागी केसासारख्या भेगा पडतात, कधीकधी दुसऱ्या दिवशी दिसतात.

नायलॉनचा पांढरा रॉड डेलरिनसारखाच दिसतो आणि ‘सारखंच आहे, घेऊन जा’ म्हणून हातात ठेवला जातो. घेऊ नका. आट्यांवर तंतू राहतात, भोक पुन्हा आवळतं, शिवाय नायलॉन ओलावा शोषून फुगतं. मे महिन्यात सैल बसलेला जोड कोकणात जुलैमध्ये घट्ट होईल. अशा रॉडवर काय शिकायचं? एचडीपीई त्याहून मऊ. शंका आली तर तुकडा पाण्यात टाका, तरंगला तर तो डेलरिन नव्हे. पीव्हीसी पाइप फुकट पडून असतो खरा, पण तापला की त्याची वाफ आम्लधर्मी असते. लाकडावर इतके बारीक आटे टिकत नाहीत, तो नाद सोडा.

राहिलं एबोनाइट. गंधकाने कडक केलेलं रबर. राजमहेंद्रीच्या रत्नमपासून तिरुवल्लूरच्या रंगापर्यंत आपल्याकडच्या हातच्या पेनांचं हेच मुख्य द्रव्य. वास उग्र, पण आटे असे स्वच्छ निघतात की डेलरिनची आठवणही येत नाही. किमतीमुळे सरावाला कोणी वापरत नाही. माझं मत जरा वेगळं आहे: ज्याला शेवटी एबोनाइटचीच पेनं करायची आहेत त्याने अ‍ॅक्रिलिकवर वेळ घालवूच नये. डेलरिनवर हात बसला की एबोनाइटची कापून उरलेली टोकं मिळवावीत. रेझिन करणाऱ्याला मात्र ओतीव अ‍ॅक्रिलिक चुकत नाही.

कारण मापं एका द्रव्यावरून दुसऱ्यावर जशीच्या तशी जात नाहीत. एम १०×१ (व्यास १० मिमी, पिच म्हणजे शेजारच्या दोन आट्यांमधलं अंतर १ मिमी) साठी हिशेबाने, म्हणजे व्यासातून पिच वजा करून, भोक ९ मिमीचं. डेलरिनमध्ये ते चालतं, अ‍ॅक्रिलिकमध्ये मी ९.१ किंवा ९.२ घेतो. डायसाठी टोक १० ऐवजी ९.८ पर्यंत उतरवतो. आट्यांची उंची किंचित कमी होते, पण पेनच्या जोडाला तेवढी पुरते.

सुरुवातही याच एम १०×१ ने करा. बऱ्याच दुचाकींच्या १० मिमी स्पार्क प्लगचं हेच माप असल्याने टॅप मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटला किंवा पुण्याच्या बोहरी आळीत सहज सापडतो. टोपणासाठी लागणारे तीन सुरुवातींचे (शेजारीशेजारी तीन आटे एकदम पाडणारे) टॅप-डाय बहुधा मुद्दाम मागवावे लागतात आणि महाग पडतात, ते नंतर. ते आले की भोकाचा हिशेब ०.८ च्या पिचवर करायचा, एका फेऱ्यात टोपण सरकतं त्या २.४ वर नव्हे. म्हणजे एम १२ ला ११.२ मिमी. ९.६ चं भोक पाडून त्यात तो टॅप रेटलात तर ब्लँक तर जाईलच, टॅपही जाईल.