न्हावाशेव्याच्या कामासाठी वाशीतला कस्टम ब्रोकर : आमचा अनुभव

भोसरीत आमचं गिअर बनवायचं वर्कशॉप आहे. जर्मनीहून हॉबिंग मशीन (गिअरचे दाते पाडायचं) आणलं ते ईपीसीजी लायसन्सवर, म्हणजे निर्यात वाढवण्यासाठी यंत्रं आणायला मिळणाऱ्या सरकारी परवान्यावर. ड्युटी शून्य, पण वाचलेल्या ड्युटीच्या सहापट निर्यात सहा वर्षांत करून दाखवायची आणि तोवर कस्टम्सकडे बाँड (अट पाळली नाही तर ड्युटी भरू असं हमीपत्र) आणि बँक गॅरंटी ठेवायची. न्हावाशेवा बंदरातून मशीन सोडवायचं, म्हणजे क्लिअरन्सचं काम वाशीतल्या एका छोट्या ब्रोकरकडे दिलं. दर इतरांपेक्षा जरा चढा आहे, तरी ईपीसीजीचं काम असेल तर त्यांच्याकडेच जा असं मी सांगेन. कारण एकच, बिल ऑफ एन्ट्रीतला (कस्टम्सकडे दाखल करायच्या आयातीच्या कागदातला) बाँडचा तपशील ही माणसं जिवापाड काळजी घेऊन भरतात.

एरवी इतर ब्रोकरांकडून चेकलिस्ट (बिल ऑफ एन्ट्रीचा मसुदा) येते आणि पाठोपाठ 'ओके करा' म्हणून फोन. घाई खरीच असते. जहाज लागायच्या आदल्या दिवसापर्यंत बिल दाखल झालं नाही, तर पहिले तीन दिवस रोज ५,००० आणि पुढे रोज १०,००० रुपये लेट फी बसते. तरीही इथे डॉक्युमेंटेशन बघणाऱ्या ताईंनी फोनवर माझ्याकडून एकेक ओळ वाचून घेतली. लायसन्सचा नंबर आणि तारीख, बाँड नंबर, तो कुठल्या पोर्टला नोंदलाय, या बिलाला त्यातून किती रक्कम डेबिट पडणार, गॅरंटी किती रुपयांची. बाँड नंबरचा एक आकडा इकडचा तिकडे झाला की बिल अडकतं, अमेंडमेंट (दुरुस्ती) करत बसावं लागतं आणि कंटेनरचं भाडं चालूच राहतं.

सगळ्यात मोलाचा सल्ला मात्र त्याच्या आधीचा, बाँड करतानाचा. लायसन्स निघालं तेव्हाचा युरोचा दर वेगळा. ड्युटी मोजली जाते ती बिल दाखल होईल त्या दिवशी लागू असलेल्या कस्टम्सच्या विनिमय दराने. मधल्या काळात युरो चढला की वाचलेली ड्युटी वाढते आणि बाँड तोकडा पडतो. वाचलेली ड्युटी लायसन्सवर लिहिलेल्यापेक्षा १० टक्क्यांपर्यंत जास्त झाली तरी चालतं, तर बाँडही तेवढा वाढवूनच करा, असं ताईंनी बजावलं. गॅरंटी थोडी मोठी झाली, बँकेत गॅरंटीपोटी ठेवायचा मार्जिन मनी जास्त अडकला. पण युरो खरंच चढला, डेबिट मूळ रकमेच्या वर गेलं आणि बाँड पुरला. मशीन वेळेत भोसरीला आलं.

एक तक्रार आहे. त्यांच्या फीच्या बिलात 'इतर खर्च' म्हणून एकच आकडा येतो, फोड मागितल्याशिवाय मिळत नाही. ती मागून घ्या.

गॅरंटीची मुदत कधी संपते याची नोंदही तेच ठेवतात आणि आधी आठवण करतात. एईओ टी-१ दर्जा (कस्टम्स विश्वासू व्यावसायिकांना देतं त्यातली पहिली पायरी) मिळाला तर गॅरंटी निम्म्यावर येते, हेही त्यांनीच सांगितलं. त्याचे कागद सध्या त्यांच्याच टेबलावर आहेत.